मटकीवाल्या मॅडम

ओल्या गोणपाटाला एक वास असतो. कुबट, मातकट, थोडासा भिजलेल्या दोरखंडाचा. तो कुणाला आवडतो असं मी आजवर ऐकलेलं नाही, पण मला आवडतो. मे महिना उतरणीला लागला, यवतमाळच्या आमच्या कृषी कार्यालयातला कूलर नुसती गरम हवा फेकू लागला आणि मागच्या व्हरांड्यात गोणपाटाच्या गुंडाळ्या ओळीने मांडल्या गेल्या, की मी काही काम नसताना तिकडून दोनदा चक्कर मारते. शिपाई विचारतो, मॅडम, काही पाहिजे का? मी म्हणते, नाही हो, बी पाहत होते. प्रत्येक गुंडाळीत सोयाबीनचे शंभर दाणे निजलेले असतात. त्यातले किती उठतील ते चार-पाच दिवसांत कळतं. शंभरातले सत्तर उठले तर बियाणं पेरायला चांगलं, असा आमच्या खात्याचा हिशेब आहे.

पावसावर पुष्कळ लोक लिहितात. मला त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांचं कौतुक आहे. शेतं वखरून तयार असतात. कपाशीच्या वेचलेल्या वाळक्या पऱ्हाट्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जळत असतात आणि त्यांचा धूर सरळ वर न जाता शेतातच लोळत असतो. संध्याकाळी ढग येतात, गडगडतात, चार थेंबांचीही ओळख न देता निघून जातात. उकाडा असा की भिंतीला पाठ टेकवत नाही. सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय, आणि सगळ्यांच्या हाताला थोडी रिकामी खाज. या दिवसांत माणसं नेहमीपेक्षा जास्त थट्टा करतात असं माझं निरीक्षण आहे. काळजी लपवायला थट्टेसारखी सोय नाही.

परवा याच दिवसांत स्नेहलचा फोन आला. स्नेहल आमच्याकडे नवीन लागलेली कृषी सहायक. तिला झरी जामणीतली चार गावं मिळाली आहेत. सकाळपासूनचा तो तिचा पाचवा फोन. मॅडम, चाचणीसाठी बी कोठीतल्या वरच्या पोत्यातलं घेऊ की खालच्या? मॅडम, सभा सकाळी ठेवू की संध्याकाळी? मॅडम, सरपंच चहाला बोलावतात, जाऊ का? मी म्हटलं, अगं, चहा तरी आपल्या मनाने पी. ती हसली, पण फोन ठेवताना पुन्हा म्हणालीच, बरं मॅडम, तुम्हाला विचारूनच करते. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट पोटात कुठेतरी गोड कळ आली, कारण हे वाक्य मी कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त वेळा बोललेली आहे.

माझी पहिली नेमणूकही झरीकडचीच. वणीहून निघालेली एसटी सागाच्या जंगलातून धक्के खात जायची आणि मला शेवटच्या थांब्याच्या एक थांबा आधी उतरवायची. बावीस वर्षांची, कृषी पदवीधर, अंगात यवतमाळ शहराचं पाणी. शेताच्या बांधावर चालताना चप्पल हातात घ्यायची की पायात ठेवायची, इथपासून प्रश्न. गावात शेतकरी वडिलांच्या वयाचे, आणि मी त्यांना शेती शिकवायला आलेली. कुणी काही विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असे: साहेबांना विचारून सांगते. साहेब म्हणजे आमचे मंडळ कृषी अधिकारी, तालुक्याला बसायचे. भला माणूस, पण माझ्या फोनांनी मेटाकुटीला आलेला. गावात मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, त्यामुळे मी दिवसातून तीनदा जिना चढताना साऱ्या गावाला दिसायची. पारावर बसणारे लोक म्हणत, मॅडम चालल्या सायबाले विचाराले. हे ते मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणत.

त्या वर्षी खात्याचा आग्रह होता की शेतकऱ्यांनी घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून वापरावं, पण आधी उगवण तपासून. मला आठ घरांचं बी तपासायचं होतं. पद्धत मला माहीत होती. म्हणजे परीक्षेत लिहिलेली होती, आकृतीसह, दहापैकी आठ मार्कांची. हाताने केलेली नव्हती. कॉलेजात एका टेबलाभोवती आम्ही चाळीस जण उभे होतो आणि मला समोरच्या मुलीची वेणी तेवढी दिसली होती.

आणि मला घाई होती. मृग तोंडावर आलेला. मी खोलीवर बसून विचार केला की कोंब लवकर आणायचे तर आई काय करते? रात्री भिजत घालते, सकाळी फडक्यात बांधते, टांगते. घरी माझी आई मटकीला असे मोड आणायची की पाहुणे विचारायचे. मी आठ वाट्यांत आठ घरांचं बी रात्रभर पाण्यात बुडवलं, सकाळी आठ रुमालांत बांधलं, चिठ्ठ्या टोचल्या आणि खिडकीच्या गजांना टांगलं. खोली मोठी प्रसन्न दिसत होती. नोकरीतलं हे पहिलं काम मी कुणाला न विचारता केलं होतं, म्हणून मी स्वतःवरही प्रसन्न होते.

तिसऱ्या दिवशी रुमाल सोडले. आत चिकट, बुळबुळीत लगदा. शंभरातले चार-पाच कोंब कसेबसे डोकं काढून. आठही घरांचं तेच. वास तर असा की घरमालकीण दाराशी येऊन नाकाला पदर लावून गेली.

यात शंका घ्यावी असं मला वाटलंच नाही, याचं मला आज सगळ्यात जास्त नवल वाटतं. आठही घरांचं बी एकदम कसं मरेल, हा साधा प्रश्न. पण मी मंगळवारी संध्याकाळी पारासमोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं की तुमचं कुणाचंही बी उगवणार नाही, पेरू नका, विकून टाका आणि बाजारातलं आणा. माझा आवाज पहिल्यांदाच कापला नाही. लोक पहिल्यांदाच न हसता ऐकत होते. मला वाटलं, हेच ते. ज्याला आत्मविश्वास म्हणतात तो हाच, आणि तो मला आज आला. त्या रात्री मी छान झोपले.

लोकांनी आपसात ठरवलं की सोमवारी टेम्पो करायचा, सगळ्यांची पोती एकदम वणीला न्यायची आणि तेलाच्या मिलला घालायची.

बुधवारी सकाळी मला शेवंताबाईंनी चहाला बोलावलं. शेवंताबाई पन्नाशीच्या, चार एकर एकट्या करणाऱ्या. नवरा गेल्यावर दिराने जमीन बटईने, म्हणजे वाट्याने, मागितली तेव्हा, मायं मी पाह्यतो, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता. आमच्या भागात बायाही असंच पाह्यतो, करतो म्हणतात. त्यांच्याकडचं बियाणं चार पोती होतं, आणि ते मशीनवर न काढता त्यांनी काठीने झोडपून वेगळं केलेलं होतं, सावलीत वाळवलेलं, फळीवर उभं ठेवलेलं. गावात कुणी बियाण्याचं बोलू लागलं की शेवंताबाई गप्प राहून हसायच्या, इतका त्यांना त्याचा अभिमान.

त्या दिवशी हसत नव्हत्या. चहा दिला, समोर बसल्या, आणि इकडचं तिकडचं न बोलता विचारलं की तुम्ही ते पाह्यलं कसं, मले सांगा. मी उत्साहाने सांगितलं. वाट्या, रुमाल, खिडकी, सगळं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी कपाळाला आठी, मग ओठ दाबलेले, मग डोळ्यांत पाणी. ते रडू नव्हतं.

"मटकीवानी भिजवलं?" त्या म्हणाल्या. "मॅडम, सोयाबीनचं सालटं पातळ असते जी. रातभर पान्यात ठेवलं तं ते फुगून फुटते अन् सडते. त्याले नुसती ओल दाखवा लागते."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. नुसती ओल. गोणपाट ओलं करायचं, दाणे ओळीने ठेवायचे, गुंडाळायचं, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. आकृतीसह लिहिलेलं उत्तर डोळ्यांसमोर उभं राहिलं, खालच्या लाल आठसकट.

शेवंताबाईंनी हसू आवरलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मी पांढरी पडले असणार. त्या उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी कोनाजोळ बोलत नाही. तुमची नवी नोकरी हाय. लोकं बाजारातलं पेरतीन, उगवून जाईन, कोनाले काय समजते?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती, आणि खोटं कशाला सांगू, ती वाट मी दोन मिनिटं चालून पाहिली. खरंच कुणाला कळलं नसतं. पण या बाईने काठीने झोडपलेली चार पोती सोमवारी तेलाच्या मिलला जाणार होती, माझ्या शब्दावर, आणि ती मलाच सांभाळून घेत होती. मला स्वतःची फार लाज वाटली. साहेबांना विचारायला टाकीकडे जावं असंही मनात आलं. पण विचारणार काय होते? साहेब, मी चुकले आहे, हे मी गावाला सांगू की नको?

मी चहा संपवला आणि शेवंताबाईंना म्हणाले, चला माझ्याबरोबर, मला एकटीला भीती वाटते. त्या चपला घालून निघाल्याच. आठ घरं होती. पहिल्या घरी माझ्या तोंडून शब्द फुटेना, दुसऱ्या घरी फुटला तो रडका, तिसऱ्यापासून मला सुचू लागलं. मी सांगितलं की चूक माझी आहे, तुमच्या बियाण्याची नाही. मी ते मटकीसारखं भिजवलं. आज आपण पुन्हा करू, माझ्या खोलीवर नाही, तुमच्याच घरी, तुमच्याच गोणपाटात, तुमच्याच हाताने. सोमवारी सकाळी टेम्पो निघायच्या आत मोजू. मग ठरवा.

प्रतिक्रिया तशाच आल्या जशा यायला हव्यात. कुणी खो खो हसलं. एकाने बायकोला हाक मारून ती गोष्ट माझ्याकडून पुन्हा वदवून घेतली. एक म्हातारबुवा बराच वेळ गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिले आणि शेवटी विचारते झाले की मॅडम, फोडणी द्याची राह्यली होती काय. दुपारपर्यंत मी साऱ्या गावात मटकीवाल्या मॅडम झाले होते. ते नाव पुढे चार वर्षं मला पुरलं. माझ्या बदलीच्या निरोप समारंभातसुद्धा भाषणात आलं.

पण नवल असं की त्या दिवसानंतर लोक माझ्याशी बोलायला लागले. आधी ते मला मॅडम म्हणून बाजूला ठेवत. आता थट्टा करायला जवळ येत आणि थट्टा झाली की खरं विचारत. कपाशीवरच्या अळीचं, खताच्या मात्रेचं. मला येत असेल ते मी सांगायची. येत नसेल तर म्हणायची, मला माहीत नाही, पाहून सांगते, आणि खरोखर पाहून सांगायची. टाकीचा जिना आपोआप कमी झाला. माणसाची पत एकदा अशी हसत हसत गेली की तिला जपायचं ओझं उतरतं, हे मला त्या गावाने शिकवलं. पुस्तकात ते कुठल्या धड्यात असतं मला अजून सापडलेलं नाही.

ते पाच दिवस मला आयुष्यातल्या कुठल्याही सणापेक्षा जास्त आठवतात. आठ घरांत आठ गुंडाळ्या. घरातल्या सगळ्यात थंड जागी, कुठे माठाशेजारी, कुठे देवाजवळ. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. गुंडाळी मध्येच उघडायची नाही असं मी बजावलं होतं, आणि सगळ्यांनी ती उघडली. कुणी पहाटे, कुणी दुसऱ्याच्या घरी जाऊन. पारावर चर्चा रंगायची: तुयाले फुटले काय? मायाले दिसून राह्यले पांढरे पांढरे. एकाने तर शेजाऱ्याच्या गुंडाळीवर संशय घेतला की हा पानी जास्त मारून राह्यला. मी त्या घरांमधून फिरायची तेव्हा प्रत्येक घरात तो ओल्या गोणपाटाचा वास, वर ढगांचा कोंडलेला उकाडा, दूर जंगलात पावशाची हाक. मनात मात्र एकच. पुन्हा चुकले तर? या वेळी हसूनही निभावणार नव्हतं.

परवा स्नेहलला मी ही गोष्ट सांगायला लागले, पण अर्ध्यातच थांबले. वाटलं, माझी मटकी तिच्या काय कामाची? तिला तिची वेगळी काहीतरी चूक करावी लागेल. मी तिला एवढंच म्हटलं की या आठवड्यात मला फोन करायचा नाही, शुक्रवारी काय केलंस ते सांग. ती घाबरून हो म्हणाली. मग मी स्वतःच दिवसभर फोनकडे पाहत बसले. माझे फोन कमी झाल्यावर आमचे साहेबही तेव्हा असेच बसत असतील, हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सुचलं आणि हसू आलं.

त्या सोमवारी सकाळी टेम्पो पारापाशी येऊन उभा राहिला. आम्ही घरोघर गुंडाळ्या सोडत निघालो. दहा दहाच्या ओळी, धडधाकट कोंब तेवढा धरायचा, वाकडा-तुटका सोडायचा. पहिल्या घरी ब्याऐंशी. त्या माणसाने टाळी वाजवली. पुढे अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, पंचाहत्तर. एका घरी एक्केचाळीस निघाले. त्यांचं बी खरंच भिजलेल्या कोठीतलं होतं, त्यांनी निमूट पोती टेम्पोत चढवली. सातव्या घरापर्यंत गावात जत्रेचं वातावरण झालं होतं.

आठवं घर शेवंताबाईंचं. त्यांची चार पोती अंगणातच मांडलेली, आज आत न्यायची या खात्रीने. मी गोणपाट उलगडलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. चौसष्ट.

गावातलं सगळ्यात जपलेलं बी, आणि सत्तरच्या खाली. मागच्या वर्षी झोडपणीच्या आधी पावसात सापडलं असेल, आणखी काही असेल. शेवंताबाई गोणपाटाजवळ उकिडव्या बसून न उठलेल्या दाण्यांवरून बोट फिरवत होत्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सांगा मॅडम. पेरू का धाडू?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. खात्याचा कागद सत्तर म्हणत होता. पण त्याच कागदाखाली लहान अक्षरांत हेही होतं की उगवण थोडी कमी असेल तर बियाणं त्या प्रमाणात वाढवून पेरता येतं. साठाच्या खाली गेलं तर नको, चौसष्टला चालतं. मी मनात गणित केलं. एकरी तीसच्या जागी तेहतीस किलो. बरोबर होतं, तरी मी ते बोटांवर पुन्हा केलं. सगळं गाव पाहत होतं. सहा दिवसांपूर्वी याच गावाला मी छातीठोकपणे चुकीचं सांगितलं होतं. आता खरं सांगताना आवाज कापत होता, म्हणजे काय समजायचं माणसाने?

"पेरा," मी म्हणाले. "एकरी तेहतीस किलो टाका. दाट वाटलं तरी टाका. उगवेल."

शेवंताबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बी पाहावं तसं पाहिलं, उलटसुलट. मग उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तू जाय रे बापू. मायं बी घरीच राह्यते."

टेम्पो धुरळा उडवत वणीच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा झाल्यावर मी सरळ त्या पोत्यांना टेकून बसले.

पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. पेरण्या झाल्या. पेरणीनंतर आठवडाभर मी इतरांच्या शेतात गेले, शेवंताबाईंच्या शेताकडे जायचं धैर्य होईना. आठव्या दिवशी सकाळी गेले. शेवंताबाई धुऱ्यावर उभ्याच होत्या, हात मागे बांधून. काळ्या मातीत चार एकरभर हिरव्या ओळी, दोन दोन पानं उघडलेल्या, सरळ. सवयीने मी वाकले, ओळीवर बोट ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन.

शेवंताबाईंनी माझा हात धरला.

"आता मोजू नोका, मॅडम," त्या म्हणाल्या. "उगवलेल्याले मोजत नसते. नजर लागते."

मी बोट काढून घेतलं, आणि आम्ही दोघी नुसत्या पाहत उभ्या राहिलो.